नाना बडगुजरांचा पांढरा

सर्व संबंधितांस, म्हणजे समस्त मनुष्यजातीस, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की जळगाव शहरातला पांढरा रंग संपलेला आहे. दूध पिवळं पडलं आहे. चुना पिवळा पडला आहे. परटाकडून आलेले कपडे पिवळे आहेत आणि शाळेतल्या पोरांचे शर्ट तर बघवत नाहीत. उरलासुरला पांढरा एका माणसाच्या घरी, खिडकीला काळा कागद लावलेल्या खोलीत, पंधरा इंची पडद्यावर सुखरूप आहे. तो पाहायला येणाऱ्याने आपली चप्पल, आपला शर्ट आणि आपली मतं बाहेर काढून ठेवावीत.

ही घोषणा माझी नाही. ती नाना बडगुजरांनी मे महिन्यातल्या एका सकाळी, अंगात बनियन आणि हातात दुधाचं पातेलं अशा वेषात, आमच्या दूधवाल्यासमोर केली.

"हे काय आहे?" नानांनी विचारलं.

"दूध आहे नाना. म्हशीचं."

"रंग बघ त्याचा."

"पांढरा आहे."

"पांढरा! तू पांढरा पाहिला आहेस का रे जन्मात? चल आत, दाखवतो."

दूधवाला आत गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो नानांचं दूधसुद्धा माझ्याच पायरीवर ठेवू लागला. मला म्हणाला, "साहेब, तुमीच देत जा त्यांले. म्हशीले मी समजावू शकतो, नानांले नाही."

मी तेव्हा बँकेत कारकून होतो. नानांच्या आणि माझ्या अंगणात कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीमुळे जळगावातल्या माझ्या सात वर्षांत मला करमणुकीची कधी वाण पडली नाही. नाना रोज कुणाशी तरी भांडत. ज्या दिवशी कुणी मिळत नसे त्या दिवशी मी भिंतीपाशी जाऊन नुसतं म्हणे, "नाना, धुळ्याचे फोटो फार सुरेख येतात म्हणे." मग संध्याकाळपर्यंत बघायला नको.

पण एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. या माणसाचा डोळा खरोखर अचाट होता. ऐंशीच्या दशकात जळगावच्या एका स्टुडिओत रंगीत फोटो हाताने धुऊन काढायचं काम नाना करत. एकदा एका साडीच्या व्यापाऱ्याने एकाच साडीचे दोन फोटो पुढे टाकले आणि म्हणाला, "दोन्ही सारखेच आहेत, कुठलाही एक ठेवा." नानांनी एक नजर टाकली. "हा सकाळी धुतला आहे, हा दुपारनंतर. दुपारपर्यंत औषध दमलेलं असतं. याचा काठ मेला आहे." व्यापारी हसला. मग त्याने दुकानातून ती साडीच आणवली. दाराच्या उजेडात काठ धरून पाहिला आणि हसायचा थांबला. ही हकीगत मला स्टुडिओच्या मालकाने सांगितली, नानांनी नाही. नानांच्या मते ती सांगण्यासारखी नव्हतीच; ज्याला डोळे आहेत त्याला ते दिसतंच, आणि बाकीच्यांनी फोटो काढून घेऊ नयेत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर स्टुडिओत मोठं यंत्र आलं आणि नाना घरी बसले. बसले म्हणजे काय, तर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, स्कॅनर घेतला आणि मुंबईहून रंगीत प्रिंटर मागवला. आमच्या कॉलनीत तोवर कॉम्प्युटर कुणी पाहिलाही नव्हता. नानांचं म्हणणं साधं होतं. पडद्यावर जो रंग दिसतो तोच कागदावर उतरला पाहिजे. केसाएवढाही फरक नको. त्यासाठी आधी पडदा खरा केला पाहिजे. आणि पडदा खरा करायचा तर खोली खरी पाहिजे.

खोली त्यांनी चारही बाजूंनी राखाडी रंगवून घेतली. छतसुद्धा. खिडकी बंद केली, कारण बाहेरच्या कडुनिंबाचा हिरवा उजेड आत येतो. पंखा काढला, कारण कागद हलतो. जळगावच्या मे महिन्यात त्या खोलीत पाच मिनिटं बसणं म्हणजे काय ते जळगावकरांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. पाच मिनिटं मात्र बसावंच लागे. "डोळे निवू द्या," नाना म्हणत. त्या वेळात बोलायची बंदी होती. शिवाय येणाऱ्याच्या शर्टाचा रंग पडद्यावर पडतो म्हणून दाराशी खुंटीला एक राखाडी डगला टांगलेला असे. पोस्टमन असो की पाहुणा, डगला घातल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. तो सगळ्या मापांच्या माणसांनी घातलेला होता आणि कधीच धुतलेला नव्हता, कारण धुतल्यावर रंग बदलतो.

पडदा खरा करायची रीत त्यांनी मला एकदा दाखवली. डगला घालून, घामाने निथळत मी पाहिली. पडद्यावर राखाडी पट्ट्या येत. खाली तीन खुणा असत, तांबडी, हिरवी आणि निळी. त्या मागेपुढे सरकवत न्यायच्या, पट्ट्यांमधली प्रत्येक छटा निघून जाईपर्यंत, राखाडी निव्वळ राखाडी आणि पांढरा निव्वळ पांढरा होईपर्यंत.

"पण झाला हे कळतं कशावरून?" मी विचारलं.

नानांनी उजव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "यावरून."

मग फोटो छापायचा आणि पडद्याशेजारी धरायचा. जुळला तर "जुळलं." नाही जुळला तर टराटरा फाडायचा. एका फोटोसाठी अकरा-अकरा कागद फाडलेले मी पाहिले आहेत. बाराव्याला "जुळलं" म्हणताना त्यांचा आवाज एकदम हळू होई. तेवढा एक क्षण ते कुणाशी भांडत नसत.

त्यांचे साडू भास्करराव धुळ्याला राहत. अक्कांची, म्हणजे नानांच्या बायकोची, धाकटी बहीण भास्कररावांना दिलेली. भास्कररावांची धुळ्यात कलर लॅब होती आणि तिच्यात ते मोठं यंत्र होतं. सकाळी रोल द्या, दुपारी फोटो घ्या. लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे, सगळे टवटवीत, सगळ्यांचे गाल गुलाबी. नाना म्हणत, "धुळ्यात कुणाला रक्तक्षय होतच नाही. भास्कर होऊ देत नाही." घरातल्या कुठल्याही कार्याचे फोटो भास्कररावांकडेच धुतले जात. मग नाना ते स्कॅन करून पडद्यावर आणत, आपल्या हिशोबाने दुरुस्त करत, छापत आणि एस.टी.च्या कंडक्टरबरोबर धुळ्याला परत पाठवत. मागे पेन्सिलीने लिहिलेलं असे: असा पाहिजे होता.

तिसऱ्या दिवशी त्याच गाडीने पाकीट परत येई. नानांच्याच फोटोवर भास्कररावांनी खाली लिहिलेलं असे: दशक्रिया कधी?

असं चार वर्षं चाललं. एरंडोल-पारोळ्यावरून जाणाऱ्या गाडीचे कंडक्टर बदलले, पण पाकिटं थांबली नाहीत. एकदा एका लग्नात दोघे समोरासमोर आले तेव्हा भास्कररावांनी भर पंगतीत हाक मारली, "नाना, तुमना फोटोमा बठ्ठा मानसं निळा का दिखतस हो? पान्यामा बुडेल शेतस का?"

पंगत हसली. नानांनी द्रोण खाली ठेवला. "भास्कर, तुझ्या डोळ्याला लाली लावायची सवय झाली आहे. खरा माणूस तुला बुडालेलाच दिसणार."

आता ते दिसणं. नानांच्या घरी भिंतीवर जे फोटो होते ते मीही पाहत होतो. सुरुवातीचे चांगले होते. चांगले कसले, उत्तम होते. पण दरवर्षी त्यातली माणसं थोडी थोडी थंड होत चालली होती. ओठ जांभळट, गाल राखेसारखे, डोळ्यांचे पांढरे भाग आकाशाच्या रंगाचे. मी एकदा चाचपडत म्हणालो, "नाना, हा जरा निळसर वाटतो का?" त्यांनी मला पंधरा दिवस भिंतीपाशी येऊ दिलं नाही.

कपड्यांचंही तेच. परीट नीट धूत नाही म्हणून त्यांनी त्याला हाकलला आणि अक्कांना घरी धुवायला लावलं. "नीळ वाढवा," ते म्हणत. अक्का वाढवत. "अजून वाढवा, पिवळं दिसतं." अक्का अजून वाढवत. शेवटी नाना ज्या धोतरात बाजाराला जात ते इतकं आस्मानी झालं होतं की भाजीवाल्या लांबूनच ओळखत. नाना मात्र रस्त्याने असे चालत, जणू सबंध जळगावात धुतलेला माणूस तेवढा एकच.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यात मंदा अडकली.

मंदा ही नानांची एकुलती एक मुलगी. धरणगावला दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली आणि तिला घ्यायला जावई सुरेशराव आले. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते. खानदेशात दिवाळीपेक्षा या सणाचं अप्रूप जास्त. सुरेशराव जिनिंगमध्ये नोकरीला, उन्हात कापसाच्या गाड्यांमागे फिरणारा तांबूस, धडधाकट माणूस. पिवळाजर्द नवा शर्ट घालून आले होते. नानांनी "बसा" म्हणण्याआधी "शर्ट काढा" म्हटलं.

नव्या जावयाला, भर सणाला, तो डगला घातला. पाच मिनिटं राखाडी खोलीत गप्प बसवलं. मग लग्नातला त्यांचा फोटो पडद्यावर आणला आणि तासभर खपून छापला. जेवणाची पानं वाढलेली, रस तापत चाललेला. नवव्या कागदाला नाना म्हणाले, "जुळलं," आणि फोटो जावयाच्या हातात दिला.

सुरेशरावांनी तो उजेडात आणला. बराच वेळ पाहिला. "मामा, हा मी जिवंत असतानाचा आहे ना?"

दुसऱ्या कुणी हे हसून सोडून दिलं असतं. नाना म्हणाले, "चेहरा तुमचा, जावईबापू. पडदा खोटं बोलत नाही. घरी आरसा धुळ्याहून आणला असेल तर मला माहीत नाही."

"मामा, मी असा दिसतो?"

"मुलगी दिली तेव्हाच लक्षात यायला हवं होतं."

हे वाक्य मी भिंतीपलीकडून स्वतःच्या कानांनी ऐकलं. सुरेशराव न जेवता उठले. मंदा रडत रडत पिशवी भरून त्यांच्यामागे गेली. झोक्याची दोरी कडुनिंबाला तशीच राहिली आणि पुढच्या आखाजीला मंदा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

अक्कांनी काय नाही केलं. नानांना म्हणाल्या, चार शब्द लिहा. नानांनी विचारलं, काय लिहू? चुकलो लिहू? मग फोटो चुकला असं होईल. फोटो चुकला तर पडदा चुकला. पडदा चुकला तर डोळा चुकला. आणि डोळा चुकला असेल तर भास्कर, परीट, दूधवाला, सगळ्यांशी केलेली भांडणं पाण्यात गेली. "चार वर्षांची भांडणं आहेत ती," नाना मला म्हणाले, "गंमत नाही."

त्या आखाजीनंतर तिसऱ्या वर्षी पडदा मंद दिसायला लागला. नानांनी दुकानदाराला घरी बोलावून, डगला घालायला लावून, झाडलं. त्याने नवा पडदा आणून बसवला. तोही मंद. मग एक दिवस खोलीतून बाहेर येताना नाना पायरी चुकले आणि कपाळाला खोक पडली, तेव्हा मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पिकला आहे. नाना त्यांच्याशी भांडून आले. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्याशीही भांडून आले. जळगावातले ओळखीचे डॉक्टर संपले आणि धुळ्याला जाणं आलं.

धुळ्याचे डॉक्टर हुशार निघाले. त्यांनी नानांना विचारलं, "काका, इतक्यात जग जरा पिवळं वाटतं का?"

"वाटतं काय? झालंच आहे."

"भिंग पिवळं पडलं की तसं होतं. हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. काढलं की जाईल."

नाना या डॉक्टरांशी भांडले नाहीत. परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत कंडक्टरशीसुद्धा भांडले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. पिवळ्या भिंगातून पाहणारा माणूस राखाडी पट्ट्यांतला पिवळेपणा घालवायला निळा वाढवत गेला होता. मग त्या निळ्या पडद्याशी त्याने फोटो जुळवला. पडदा आणि फोटो एकमेकांशी तंतोतंत जुळत होते यात शंका नाही. दोघं मिळून जगाशी जुळत नव्हते. पण ते तपासायला जग खोलीत आणायला हवं होतं, आणि डगला घातल्याशिवाय नाना त्याला आत घेत नव्हते.

हे मी बोललो नाही. अक्का मागच्या बाकावर होत्या, त्या बोलल्या. त्यांना पट्ट्या आणि खुणा यांतलं काही कळत नव्हतं, पण नीळ कळत होती.

"ऑपरेशन होऊ द्या. पट्टी सुटली की सुरेशरावांचा तो फोटो मी तुमच्यापुढे धरणार. तुम्हीच पाहायचं, तुम्हीच सांगायचं. निळा असला तर स्वतः धरणगावला जायचं, जावयाची माफी मागायची आणि लेकीला आखाजीला घेऊन यायचं."

"आणि नसला तर?"

"तर पुन्हा मी त्या पोरीचं नाव काढणार नाही."

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. "चालेल," ते म्हणाले. "जुळलेला फोटो आहे तो."

ऑपरेशन धुळ्यालाच, उजव्या डोळ्याचं झालं. भास्कररावांना कळवायचं नाही अशी नानांची सक्त ताकीद होती, म्हणून अक्कांनी ते बहिणीला कळवलं. पट्टी सोडायच्या सकाळी भास्करराव दवाखान्यात हजर झाले, आणि जळगावच्या माणसाला भेटायला येताना धुळ्याच्या बाजारातली केळी घेऊन आले. नानांचा एक डोळा बांधलेला होता. दुसऱ्याने त्यांनी त्या केळ्यांकडे असं पाहिलं की ती तिथेच काळी पडावीत.

"नाना, तब्येत कशी शे?" भास्कररावांनी विचारलं.

"तुला बघेपर्यंत बरी होती."

आणि मग दारात सुरेशराव आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सासऱ्याचं ऑपरेशन आहे हे मंदाकडून कळलं आणि पहाटेची गाडी पकडून माणूस आला. बूट बाहेर काढले, आत येऊन वाकून पाया पडले आणि बाजूला उभे राहिले. नाना ओळख दिल्यासारखं हुंकारले.

त्याच महिन्यात माझी बदली झाली आणि पुढे नानांची माझी भेट झाली नाही. म्हणून नाना म्हटलं की मला दिसतात ते त्या खाटेवर, पाय खाली सोडून बसलेले, डोक्याभोवतीची पट्टी डॉक्टर उलगडत असताना हनुवटी वर केलेले, जणू आपल्यालाच कुणी फोटोसाठी बसवलं आहे.

पट्टी सुटली. नानांनी डोळा किलकिला केला. पहिल्यांदा त्यांनी अक्कांकडे पाहिलं.

"हे लुगडं नवीन घेतलं?"

"मंदाच्या लग्नातलं आहे."

"ते राखाडी होतं."

"ते जांभळं आहे," अक्का म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून जांभळं आहे."

अक्कांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढला. सुरेशरावांना दंडाला धरून खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि फोटो त्यांच्या गालाशेजारी धरला. "पाहा."

नानांनी डावा डोळा हाताने झाकला आणि नव्या उजव्याने पाहिलं. मग उजवा झाकला आणि जुन्या डाव्याने पाहिलं. मग पुन्हा उजव्याने. पुन्हा डाव्याने. हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. डॉक्टरांना वाटलं दुखतं आहे. ते पुढे आले, अक्कांनी त्यांना हातानेच थांबवलं. भास्कररावांनी एक केळं अर्धं सोललं होतं, ते त्यांच्या हातात तसंच राहिलं.

सुरेशराव कानकोंडे होऊन म्हणाले, "राहू द्या ना मामी. मामांना त्रास होईल. नंतर बघू."

"नंतर नाही," अक्का म्हणाल्या. फोटो धरलेला हात खाली आला नाही. "बोला. जुळतं का?"

नानांचा उजवा डोळा पाण्याने भरला होता, औषधाने असेल. त्यांनी जावयाच्या त्या उन्हात रापलेल्या, तांबूस, सरळ चेहऱ्याकडे एकदा शेवटचं पाहिलं, फोटोकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग ते गर्रकन डॉक्टरांकडे वळले आणि दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

"डॉक्टर, ते काढलेलं भिंग अजून फेकलं नाही ना? मग तेच परत बसवून द्या!"